जपानच्या देवळात वजू

माझ्या संशयामुळे नणंदेचं लग्न मोडता मोडता राहिलं, असं आमच्या नात्यात अजून बोलतात. बोलणाऱ्यांपैकी तेव्हा तिथे कुणीही नव्हतं. मी होते. म्हणून काय झालं ते मीच लिहून ठेवते.

आम्ही रत्नागिरीकडच्या बंदरपट्टीतले मुसलमान. माझा नवरा लाँचच्या इंजिनांचा मिस्त्री होता. साठ सालानंतर तो दुबईला गेला आणि वर्षाने मला बोलावून घेतलं. दुबईच्या देरा भागात खाडीच्या धक्क्यापासून पाच मिनिटांवर आमचं घर होतं. घर म्हणजे बरस्ती. खजुराच्या झापांच्या भिंती आणि झापांचंच छप्पर. त्यातून वारा यायचा, वाळू यायची, शेजारणीचं भांडणही यायचं. गोडं पाणी गाढवावर लादलेल्या डब्यांतून विकायला येई. आज तिथे काय आहे ते नातवंडं फोनवर दाखवतात. मला त्यातलं काही ओळखू येत नाही.

सासू वारली आणि नणंद एकटी पडली, म्हणून तिलाही आम्ही आणवली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. कामाला वाघीण, बोलायला कमी. शाळेत गेलीच नव्हती. तिचा साखरपुडा आधी एकदा झाला होता. मुलगा आफ्रिकेला गेला. तीन वर्षं ही त्याच्यासाठी थांबली. मग मी गावी असतानाच एक पत्र आलं. त्याने तिकडेच घर केलं होतं. ते पत्र तिला मीच वाचून दाखवलं, कारण घरात मराठी वाचता येणारी मी एकटीच. मी चौथीपर्यंत शिकलेली. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. तेव्हापासून परदेशात राहून आलेल्या पुरुषावर माझा विश्वास नाही. माझा नवरा धरून.

दुबईत तिला स्थळ आलं ते असल्याच माणसाचं. तो कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठचा होता. दहा वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता. आता जहाज सोडून देऱ्यात जपानी कापड विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गोडाऊन सांभाळत होता. वय तीस. तीस वर्षांचा खलाशी आणि अजून बिनलग्नाचा, हे ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली.

"दोन बहिणींची लग्नं आधी केली त्याने," नवरा म्हणाला.

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात जहाजावर होता."

"जहाज बंदराला लागतं की नाही कधी?"

नवऱ्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. त्याला ते स्थळ आवडलं होतं.

तो बघायला आला. सोबत त्याच्या गावचा एक वयस्क माणूस होता. मी त्याला नीट बघून घेतलं. कपडे स्वच्छ, नखं कापलेली. सुरमईचा काटा त्याने ताटाच्या कडेला ठेवला, चटईवर नाही. बोलणं मऊ. मला मऊ बोलणं आवडत नाही. आफ्रिकेवालाही मऊच बोलायचा. नणंद पडद्यामागे होती. तिने एकदा पाणी आणून ठेवलं आणि परत आत गेली.

ते गेल्यावर मी चटई झाडली, तर खाली एक कापडी पिशवी सापडली. बोटभर लांब, गुलाबी रेशमाची, सोनेरी जरीची, तोंडाला पांढरी दोरी. दोरीला चांगली कलाकुसरीची गाठ. वर चिनी वाटावी अशी अक्षरं विणलेली. दाबून बघितली तर आत काहीतरी कडक होतं.

आमच्याकडे ताईत माहीत आहेत. आमचे ताईत काळ्या दोऱ्यात, चामड्यात शिवलेले. हा गुलाबी होता. पुरुष गुलाबी ताईत स्वतःहून घेत नाही, कुणीतरी बाई देते. माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं आणि ते मी लपवत नाही. दुसरं आलं ते करणीचं.

मी ती उघडली नाही. दुसऱ्याचा ताईत उघडला तर त्यातलं जे असेल ते उघडणाऱ्यावर येतं, असं माझी आई सांगायची. कुराण असलेल्या छपराखाली ठेवायलाही मन होईना. दुधाचा रिकामा डबा घेतला, त्यात पिशवी टाकली आणि डबा बाहेर पाण्याच्या पिंपामागे ठेवला. परत केली का? नाही केली. आधी मला कळायला हवं होतं की ती काय आहे.

नणंदेने हे बघितलं. म्हणाली, "भाबी, लोकांची वस्तू आहे ती."

"कुठल्या लोकांची, तेच बघतेय," मी म्हटलं.

त्या दिवसांत धक्क्यावर एक जपानी मिस्त्री आला होता. एका लाँचला जपानचं नवं इंजिन बसवायचं होतं, ते बसवून द्यायला. माझा नवरा त्याच्या हाताखाली होता. मी डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं, त्याला वाचायला लाव.

दुपारी नवरा घरी आला तो कानापर्यंत लाल.

"काय म्हणाला?"

"आधी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. कपाळाजवळ नेली. मग वाचली. मग माझा हात धरून हलवला."

"का?"

"मला काय माहीत? मग स्वतःच्या पोटावरून असा हात फिरवला." नवऱ्याने हवेत मोठा घुमट काढला. "मला वाटलं, माझं पोट सुटलंय म्हणतो. मी म्हटलं, बायको चांगलं जेवण करते. तर तो नाही नाही म्हणाला आणि हातांचा पाळणा करून हलवायला लागला."

मी खाली बसले.

"बाळंतपणाचा ताईत आहे," नवरा म्हणाला. "मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, त्यांच्या देवळात मिळतो. बाई सुखरूप सुटावी म्हणून. मला पोरगा होणार समजून त्याने मुबारकबाद दिली."

आमच्या घरात तेव्हा कुणीही पोटुशी नव्हतं. बघायला आलेल्या त्या माणसाच्या दोन्ही बहिणींची मुलं शाळेत जाणारी, असं त्यानेच सांगितलं होतं. मग ज्या बाईसाठी तो ताईत खिशात घेऊन फिरत होता, ती बाई कोण? मी हा प्रश्न मोठ्याने विचारला. पडद्यामागे कपडे घडी करण्याचा आवाज थांबला.

"खलास," मी म्हटलं. "याचंही तिकडे घर आहे."

"त्याला बोलावून विचारू या की," नवरा म्हणाला.

"विचारल्यावर खरं सांगतो का कुणी?"

"मग न विचारता तुला खरं कुठून कळणार?"

शुक्रवारी जुम्म्यानंतर त्याला जेवायला बोलावलं. मी भात वाढायच्या आधी पिशवी त्याच्या ताटात ठेवली.

त्याचा चेहरा पडेल अशी माझी अपेक्षा होती. तो खूश झाला.

"भाबी, ही तुमच्याकडे होती? मी पाच दिवस गोडाऊन पालथं घातलं!"

"बाळंतपण कुणाचं आहे?"

"कुणाचं?"

"ते तुम्ही सांगायचं. हा पोटुशी बाईचा ताईत आहे. जपान्याने वाचला."

तो पिशवीकडे बघत राहिला. मग माझ्या नवऱ्याकडे. "भाई, खरंच?"

"पाळणा करून दाखवला त्याने," नवरा म्हणाला.

"या अल्ला," तो म्हणाला आणि कपाळाला हात लावला. "म्हणून त्या पोरी हसत होत्या."

"कुठल्या पोरी?" मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं. जपानच्या कोबे बंदरात त्याचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं, महिनाभर. शहर बघून झालं. तिथे एक जुनं देऊळ होतं, हजार वर्षांचं. त्या धर्माला शिंतो म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही नुसतं जपानचं देऊळ म्हणायचो.

"मुसलमान माणूस देवळात कशाला गेला?"

"सगळे जात होते, भाबी. बघायला गेलो."

"सगळे जातात म्हणून जायचं असतं, तर पहाटेच्या फजरला मशिदीत जागा मिळाली नसती."

तो हसला आणि पुढे सांगत गेला. बाहेर लाल रंगाची चौकट, माडाएवढी उंच. दार नाही, नुसती चौकट.

"दार नाही तर चौकट कशाला?"

"मीही तेच विचारलं. कुणाला कळलं नाही. आत शिरलं की लोक वाटेच्या कडेने चालतात. मधली वाट देवाची."

"देव चालतो?"

"मला दिसला नाही. वर भाताच्या पेंढ्याची दोरी बांधलेली, मांडीएवढी जाड. तिला पांढरे कागद लटकवलेले. पेंढा बघून मला घर आठवलं. मग दगडाचं कुंड आलं. पाणी गार. त्यावर बांबूच्या पळ्या. लोक हात धुवत होते, चूळ भरत होते. मला फार बरं वाटलं, भाबी. म्हटलं, आपल्या नमाजाआधीच्या वजूसारखंच यांच्यातही आहे. सरकवल्या बाह्या."

"मग?"

"हात तीनदा धुतले. चूळ भरली. नाकात पाणी घेतलं. तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात. लोक थोडे बाजूला झाले. मला वाटलं, परदेशी म्हणून जागा देतायत. मग बूट काढले आणि उजवा पाय कुंडाच्या काठावर ठेवला."

माझा नवरा जेवायचा थांबला.

"सगळं देऊळ गप्प झालं. पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा पुजारी धावत आला. मला वाटलं, मारतो आता. त्याने माझा पाय दोन्ही हातांनी धरला, भाबी, आणि अलगद खाली जमिनीवर ठेवला. ओरडला नाही. फक्त म्हणाला, नो फूट."

पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग मोकळा. आफ्रिकेचं पत्र आल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मला आनंद झाला नाही, मी सावध झाले. हसलेली मुलगी हिशेबाने विचार करत नाही.

"नंतर त्यानेच शिकवलं," तो म्हणाला. आता तो पडद्याकडे बघून बोलत होता. "आधी डावा हात, मग उजवा. मग ओंजळीने चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून जातं आणि पुढच्याला धुतलेली पळी मिळते."

"आणि पुढे? वाकलात?"

"लोक दोनदा वाकतात, दोन टाळ्या वाजवतात, परत एकदा वाकतात."

"लोकांचं नाही विचारलं."

"मी उभा राहिलो. म्हाताऱ्याकडे बघून तेवढी मान हलवली."

"म्हाताऱ्याकडे की देवाकडे?"

"देव आत असतो, भाबी. आतलं काही दिसत नाही. मध्ये पडदा."

"पडद्यामागच्यालाही सलाम पोचतो," मी म्हटलं.

मी म्हटलं आणि आम्ही तिघांनीही आमच्या पडद्याकडे बघितलं. नवऱ्याला ठसका लागला. माझंच बोलणं माझ्यावर उलटलं होतं.

"ताईताचं बोला," मी म्हटलं.

देवळाच्या आवारात एक दुकान होतं, तिथे तांबडे घागरे घातलेल्या पोरी असल्या पिशव्या विकत होत्या. पाय धुतल्याची लाज वाटली म्हणून काहीतरी घेऊन जावं, असं त्याला वाटलं. पोरीने कुणासाठी असं खुणेने विचारलं. त्याने आईसाठी म्हणून 'मदर, मदर' असं सांगितलं आणि आई कशी दाखवावी ते न सुचून हात पोटावर ठेवला. त्याची आई पोटाने स्थूल होती. पोरी तोंडावर हात घेऊन हसल्या आणि त्यांनी गुलाबी पिशवी दिली.

"मग आईला दिली का नाही?"

"दिली की. ती म्हणाली, बुताची, मूर्तिपूजेची वस्तू माझ्या घरात नको, खाडीत फेक. पण आत काहीतरी लिहिलेलं असतं म्हणे. कुणाचंही का असेना, लिहिलेलं मी कसं फेकू? म्हाताऱ्याने सांगितलं होतं, उघडायची नाही, टाकायची नाही, वर्षाने परत आणून द्यायची. वर्ष झालं तेव्हा मी दुबईत. परत कोण नेणार? म्हणून खिशात राहिली."

गोष्ट चांगली होती. फारच चांगली होती. खोटं बोलणारा माणूस गोष्टीत स्वतःला मूर्ख करत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्याने धक्क्यावर जपानी मिस्त्रीला पाय धुतल्याचं सांगितलं. तो इंजिनावर बसून डोळे पुसेपर्यंत हसला आणि कुंडात पाय घालत नाहीत हे खरं म्हणाला.

"आता झालं का समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"पायाचं खरं निघालं. पोटाचं काय?"

"भाबी," नणंद म्हणाली, "मला हे स्थळ पसंत आहे."

"तुला आफ्रिकेवालाही पसंत होता."

हे मी बोलायला नको होतं, असं सगळे म्हणतात. बोलले खरी. ती उठून बाहेर गेली आणि पिंपातलं पाणी विनाकारण ढवळत बसली.

मी नवऱ्याला न सांगता एक पत्र लिहिलं, थेट त्या खलाशाच्या आईला. गावाचं नाव मला ठाऊक होतं. लिहिलं की तुमच्या मुलाने जपानहून एक गुलाबी पिशवी आणली होती का, कुणासाठी म्हणून आणली, तुम्ही काय म्हणालात आणि त्याचं तिकडे काही आहे का, हे अल्लाला स्मरून कळवा. त्या माणसाने कसं उत्तर दिलं ते काही लिहिलं नाही, म्हणजे दोघांचं जुळतं का ते बघता येईल. मी शिकलेली चार इयत्ता, पण एवढी अक्कल मला होती.

टपालाला वेळ लागायचा. महिनाभर मी नवऱ्याला, नणंदेला, त्या माणसाला, सगळ्यांना इन्शाल्ला इन्शाल्ला म्हणत थोपवून धरलं.

उत्तर मला आलं नाही. त्याला आलं. एका संध्याकाळी तो आला, चटईवर बसला आणि खिशातून पत्र काढलं. या खेपेला त्याचं बोलणं मऊ नव्हतं.

"भाबी, तुम्ही माझ्या आईला लिहिलंत?"

"लिहिलं."

नवरा माझ्याकडे बघत राहिला.

"मग ऐका," तो म्हणाला आणि वाचायला लागला. त्याच्या आईने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. पिशवी आणली होती, माझ्यासाठी म्हणून आणली होती, मी घरात ठेवू दिली नाही. इथवर जुळलं. पण ही बाई कोण, जी माझ्या मुलाच्या खिशात हात घालते? मुलगी चोवीस वर्षांची. साखरपुडा मोडलेली, असं बाहेरून कळलं. का मोडला ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. ज्यांच्या मनात एवढा संशय, त्यांच्याच घरात काहीतरी असणार. चोराला सगळे चोर दिसतात. तू दुसरीकडे बघ.

त्याने पत्र घडी केलं. मी त्याच्याबद्दल जे विचारलं, तेच ती आमच्याबद्दल विचारत होती. आणि साखरपुड्याचं तिला आम्ही सांगितलं नव्हतं हे खरंच होतं.

"तुझं काय म्हणणं आहे?" नवऱ्याने त्याला विचारलं.

"आईच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही, भाई."

तेव्हा नणंद पडद्याबाहेर आली. ओढणी नीट घेऊन, पण बाहेर आली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या आईने मला विचारलंय ना? मग उत्तर मी देते. तोवर तुम्ही थांबणार की नाही, तेवढं आत्ता सांगा. मी मागे तीन वर्षं थांबले आहे. आता दुसऱ्याने थांबावं."

त्याने पत्र खिशात टाकलं. मग म्हणाला, "गोडाऊनच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मी कुठे जाणार?"

तो गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. "कागद काढ," म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

लिहिता येणारी मी एकटीच. मी कागद काढला.

तिने सांगितलं ते असं. साखरपुडा मोडला, कारण मुलाने आफ्रिकेत घर केलं. माझ्यात काही दोष होता का, ते मला माहीत नाही, त्याने लिहिलं नाही. ही गोष्ट आम्ही तुमच्यापासून लपवली, ते चुकलं. पिशवीचं पत्र मी लिहायला सांगितलं नव्हतं. ते माझ्या भाबीने लिहिलं. माझी भाबी संशयी आहे.

माझा हात थांबला. "काळजी करणारी आहे, असं लिहू का?"

"मी सांगते ते लिही."

"संशयी म्हणजे वाईट दिसतं गो बाय, कागदावर."

"तोंडावरही वाईटच दिसतं. लिही."

मी लिहिलं. माझी भाबी संशयी आहे. तिने मला आईच्या मागे सांभाळलं आहे, म्हणून मी तिला काही बोलत नाही. तुमचा मुलगा मला पसंत आहे. त्याने तुमच्या शब्दाबाहेर जाऊ नये, असं मलाही वाटतं, म्हणून तुमचा शब्द मागते.

खाली तिने अंगठा उठवला. मी पत्र टाकून आले. वाटेत फाडायचा विचार आला होता. फाडलं नाही.

या वेळी उत्तर आमच्या पत्त्यावर आलं. चार ओळी. नणंद म्हणाली वाच. मी वाचलं. तुमच्या दोन्ही पत्रांचं अक्षर एकच आहे, हे माझी पत्रं वाचून-लिहून देणाऱ्याने मला सांगितलं. ज्या बाईने पहिलं लिहिलं तिच्याच हातून त्या मुलीने दुसरं लिहवून घेतलं, आणि तिने ते लिहिलं. अशी मुलगी माझ्या घरात चालेल. भाबीला माझ्या घरी बोलावू नका.

"परत वाच," नणंद म्हणाली.

मी परत वाचलं, शेवटची ओळ धरून.

निकाह देऱ्यातच झाला. कोबेला कुणी बाई होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. पत्र जुळलं म्हणून माणूस खरा ठरतो, असं मला वाटत नाही. आईला एक सांगणारे आणि दुसरं करणारे मुलगे मी पुष्कळ बघितलेत. एकदा, आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, मी नणंदेला हे बोलून दाखवलं. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही की मग सासूला."

तिची सासू कधीच वारली होती. तिच्या घराची पायरी मी शेवटपर्यंत चढले नाही.